मोटार बदलतांना : टर्बो यंत्राचा विचार

मोठी, सुखसोयींची मोटार घेणें ही सुशिक्षित कुटुंबाच्या आयुष्यांत वारंवार घडणारी गोष्ट नव्हे. घर आणि मुलांचें शिक्षण यांच्या खालोखाल पैसा याच कामीं लागतो, आणि एकदां घेतलेला निर्णय पुढें आठदहा वर्षें निभवावा लागतो. त्यांतहि पहिली मोटार घेणारापेक्षां जुनी देऊन नवी घेणाराची अडचण निराळी असते. पहिल्यास मोटारीची संवय नसते. दुसऱ्यास ती असते, आणि तीच कित्येकदां त्याला फसवते. बारापंधरा वर्षें ज्या गाडीवर हात बसला, तिच्याच मापानें तो नवी गाडी मोजूं लागतो. मध्यंतरींच्या काळांत गाडीच्या पोटांतलें यंत्र पार बदलून गेलें आहे, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

हा बदल केवढा आहे, तें एका उदाहरणावरून कळेल. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीनें २००० सालीं ‘३३०आय’ नांवाची मोटार काढली. तिचें यंत्र सहा सिलिंडरांचें व २९७९ सी.सी.चें असून शक्ति २३१ अश्वशक्तींची होती. त्याच नांवाची जी गाडी २०१९ सालीं भारतांत विक्रीस आली, तिचें यंत्र चार सिलिंडरांचें व १९९८ सी.सी.चें, शक्ति मात्र २५८. यंत्र एक तृतीयांशानें लहान झालें आणि शक्ति वाढली. पूर्वीं नांवांतील ‘तीस’ या आकड्यावरून तीन लिटरांचें यंत्र ओळखतां येई. आतां त्या आकड्यास तसा अर्थ उरला नाहीं. याहूनहि महत्त्वाचा फरक जोराचा आहे. चाक फिरविण्याचा जो जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो जुन्या यंत्रांत फार तर ३०० न्यूटन-मीटर असे, आणि तेवढा मिळण्यास यंत्राचे मिनिटास ३५०० फेरे व्हावे लागत. नव्या यंत्रांत तो ४०० असून १५५० फेऱ्यांवरच हातीं येतो. ही करामत टर्बोची.

पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. तेव्हां शक्ति वाढवावयाची, तर यंत्रांत हवा अधिक गेली पाहिजे. साधें यंत्र आपल्या श्वासानेंच हवा ओढतें. म्हणून अधिक हवेसाठीं त्याची छाती मोठी करावी लागे. टर्बोची युक्ति वेगळी आहे. जळून बाहेर पडणारा धूर अतिशय तापलेला व वेगवान असतो. इंधनांतील उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा त्याच्याबरोबर वायां जातो. त्या धुराच्या वाटेवर एक लहानसें चक्र बसवितात. धूर त्यास फिरवितो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून यंत्रांत लोटतें. दाबल्यामुळें हवा तापते, म्हणून ती वाटेंत इंटरकूलरमधून निववून आंत सोडतात. दाब नको तितका वाढूं लागला, तर एक झडप उघडते व कांहीं धुरास परस्पर बाहेरची वाट करून देते. या चक्रांचे मिनिटास लाखाहून अधिक फेरे होतात.

ही कल्पना नवी नाहीं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि जहाजांच्या डिझेल यंत्रांत ती प्रथम रुजली. विमानासाठीं तिची परीक्षा अमेरिकेंत १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस यांनीं घेतली. त्यांनीं आपलें यंत्र पाइक्स पीक या सुमारें ४३०० मीटर उंच शिखरावर नेऊन चालविलें. कारण उंचावर हवा विरळ होते आणि साध्या यंत्राचा दम तेथें तुटतो. मुंबईपुण्याच्या मोटारवाल्यासहि या प्रयोगाचा अर्थ कळण्यासारखा आहे. दर हजार मीटर चढावर साध्या यंत्राची शक्ति सुमारें शेंकडा दहांनीं घटते. महाबळेश्वर समुद्रसपाटीहून साडेतेराशें मीटरांच्या आसपास आहे. टर्बो ही तूट बऱ्याच अंशीं भरून काढतो. घरचीं पांच माणसें, सामान आणि चालू असलेली थंड हवा इतका भार घेऊन घाट चढतांना नवी गाडी जुनीपेक्षां हलकी वाटते, तिचें हेंच कारण.

पण घरगुती मोटारींत टर्बो आला तेव्हां पहिला अनुभव चांगला आला नाहीं. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीची जेटफायर नांवाची गाडी निघाली. तिचें यंत्र तापून अवेळीं पेट घेऊं नये, म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण एका वेगळ्या टांकींत भरावें लागे. मालक तें भरण्यास विसरत; टांकी कोरडी राही आणि टर्बोचा उपयोग नाहींसा होई. दुसऱ्याच वर्षानंतर ती गाडी बंद पडली. रोजच्या वापरास योग्य असा टर्बो स्वीडनच्या साब कंपनीनें १९७८ च्या सुमारास आपल्या ९९ या गाडींत रूढ केला, आणि त्याच सालीं मर्सिडीज कंपनीनें ३००एसडी ही टर्बो-डिझेल मोटार काढली. हल्लींच्या यंत्रास वेगळी टांकी लागत नाहीं. तें काम संगणक करतो. परंतु लक्ष न देणाऱ्या मालकाची गाडी बिघडते, हा जेटफायरचा धडा आजहि खोटा ठरलेला नाहीं.

येथें जुन्या व नव्या यंत्रांच्या स्वभावांतला भेद लक्षांत घेतला पाहिजे. जुनें यंत्र सोशिक होतें. तेल बदलण्यास दोन महिने उशीर झाला, तरी तें तक्रार न करतां चाले. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असतो, आणि पेट्रोल गाडींत त्याच्या एका बाजूच्या धुराची उष्णता नऊशें अंशांच्या पलीकडे जाऊं शकते. घाणेरडें किंवा हलक्या जातीचें तेल त्यास मानवत नाहीं. म्हणून कंपनीच्या पुस्तकांत लिहिलेल्या जातीचेंच तेल घालावें आणि मुदतीच्या आधीं बदलावें, मुदतीनंतर नव्हे. थंड यंत्रास पहिलीं कांहीं मिनिटें जोरानें पळवूं नये. घाट चढून आल्याबरोबर किल्ली बंद न करतां मिनिटभर यंत्र तसेंच चालूं द्यावें, म्हणजे दांडा निवतो. पुष्कळ घरीं गाडी चालवितो ड्रायव्हर आणि दुरुस्तीचे पैसे देतो मालक. तेव्हां या गोष्टी ड्रायव्हरास मानानें व नीट समजावून सांगणें, हा खरेदीचाच एक भाग समजावा.

आतां निवडीचा मुख्य प्रश्न : टर्बो-पेट्रोल कीं टर्बो-डिझेल? २०२२ सालीं भारतांत आलेल्या मर्सिडीज सी-क्लासच्या दोन गाड्या शेजारीं ठेवून पाहाव्या. या गाड्यांची जुळणी पुण्याजवळ चाकण येथें होते. सी२०० या पेट्रोल गाडीचें यंत्र १४९६ सी.सी.चें, शक्ति २०४ आणि टॉर्क ३००. सी२२०डी या डिझेल गाडीचें यंत्र १९९३ सी.सी.चें, शक्ति २००. टॉर्क मात्र ४४०. अश्वशक्तींचा आकडा पाहणारास दोन्ही सारख्याच वाटतील. जोर पाहणारास डिझेल सरस वाटेल, आणि लांबच्या रस्त्यावर तिला इंधनहि कमी लागतें. एवढ्यावरच निवड करावयाची, तर वाद मिटला असता.

परंतु एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनीं डिझेल गाडीचा संसार बदलला आहे. तिच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी एक गाळणी असते. गाळणींत सांठलेली काजळी सुमारें सहाशें अंशांच्या उष्णतेंत जळून जाते, आणि तेवढी उष्णता येण्यास गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरावीस मिनिटें एकसारखी धांवावी लागते. ज्याची मोटार रोज दादरहून परळला किंवा डेक्कनवरून कॅम्पांत जाऊन परत येते, त्याच्या गाळणीस ही संधि मिळतच नाहीं. मग सूचनेचा दिवा लागतो, पुढें यंत्राची शक्ति आपोआप कमी केली जाते, आणि शेवटीं खर्चाचा मोठा आंकडा समोर येतो. शिवाय महाराष्ट्रांत डिझेल गाडीस नोंदणीचा करहि पेट्रोल गाडीहून अधिक पडतो. उलट ज्यास दर पंधरवड्यास नाशिक, कोल्हापूर किंवा जून २०२५ मध्यें पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धि महामार्गानें नागपूर गांठावयाचें असतें, त्याच्या हातीं डिझेल गाडी निरोगी राहते व आपल्या किंमतीचें चीज करते.

दुसरा प्रश्न चार सिलिंडर कीं सहा, हा आहे. बीएमडब्ल्यूच्या एम३४०आय या २०२१ सालीं भारतांत आलेल्या गाडींत एका ओळींत सहा सिलिंडर असलेलें टर्बो यंत्र आहे, शक्ति ३८७. एका ओळींतील सहा सिलिंडरांचे धक्के एकमेकांस स्वभावतःच खोडून काढतात. चारांच्या यंत्रास त्यासाठीं जादा फिरते दांडे बसवावे लागतात. म्हणून सहा सिलिंडरांचा मऊपणा चारांस येत नाहीं, हें खरें. पण तो मऊपणा ओळखणारा कान आणि ती शक्ति वापरावयास मिळणारा रस्ता ही दोन्ही असतील, तरच त्याची किंमत मोजण्यांत अर्थ आहे. शहरांतील रांगेंत ३८७ अश्वशक्ति आणि २०४ अश्वशक्ति एकाच सिग्नलपाशीं उभ्या राहतात.

गाडी चालवून पाहतांना बहुतेक लोक विक्रेत्याच्या दुकानासभोंवार दहा मिनिटें फिरतात आणि समाधान मानतात. तें पुरेसें नाहीं. घरांतलीं सर्व माणसें बसवून, थंड हवा चालू ठेवून, चढावर गाडी थांबवून पुन्हां निघून पाहावें. गर्दींत पायरीपायरीनें सरकतांना ती गचके देते कीं काय, तें पाहावें. टर्बोचें चक्र वेग घेईपर्यंत क्षणभर थांबतें. एक्सलरेटर दाबल्यापासून गाडी उचल घेईपर्यंतचा हा विलंब घाटांत पुढची मालमोटार ओलांडतांना जाणवतो. ज्याच्या हाताला साध्या यंत्राची संवय आहे, त्यानें तो मुद्दाम अनुभवावा. आणि हें सर्व मागच्या आसनावर बसणाऱ्या वडील माणसांस विचारून करावें. कारण ऐषआरामी गाडीचा आराम बहुधा त्यांच्याच वांट्यास येतो. वापरलेली गाडी घेणारानें तेल बदलल्याच्या नोंदींचें पुस्तक पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. तसेंच वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल त्या गाडीस चालतें कीं नाहीं, हेंहि कंपनीकडून लेखी समजून घ्यावें.

तात्पर्य, गाडीच्या पाठीवरील आकडा आणि अश्वशक्तींची संख्या या दोहोंवरून निवड करण्याचा काळ मागें पडला. निवड करावयाची ती स्वतःच्या धांवण्यावरून. जुनी गाडी देण्यापूर्वीं एक महिनाभर वहींत रोजचे किलोमीटर, प्रत्येक फेरीची लांबी आणि महिन्यांतील लांबचे प्रवास लिहून काढावे. फेऱ्या लहान व शहरांतल्या निघाल्या, तर चार सिलिंडरांचें टर्बो-पेट्रोल यंत्र पुरे आहे; लांब पल्ला नित्याचा निघाला, तर डिझेलचा विचार करावा. आणि महिन्याकांठीं दोनतीनशें किलोमीटरांहून अधिक धांवणें नसेल व जुन्या गाडीचें यंत्र धड असेल, तर तिचें सर्व्हिसिंग नीट करून घेऊन आणखी दोन वर्षें थांबावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.