उन्हांतील पडदा

पनवेल तालुक्यांतील गव्हाण गावीं वैशाखाच्या दुपारीं कोणी अंगणांत लॅपटॉप उघडला, तर त्यास पडद्यावर अक्षरांऐवजीं स्वतःचाच चेहरा दिसेल. वस्तुतः पडदा मंद झालेला नसतो. सूर्य प्रबळ असतो. भर उन्हाचा प्रकाश सुमारें १,००,००० लक्स, घरांतील दिव्यांचा कांहीं शेंकडेच. साध्या पडद्याचें तेज बहुधा २५० ते ४०० निट. गुळगुळीत कांच आपल्यावरील प्रकाशाचा शेंकडा चारच भाग परतविते. परंतु तेवढ्यानेंहि अक्षरें बुडून जातात.

तेज वाढवावें, तर बॅटरी लवकर संपते व यंत्र तापतें. त्यापेक्षां सावलींत, अंधाऱ्या भिंतीस पाठ करून बसावें. वस्त्रेंहि गडद असावीं. शुभ्र सदऱ्याचें प्रतिबिंब पडद्यावर पसरतें.

याहून मूलगामी उपाय म्हणजे सूर्यालाच दिवा करणें. याच रायगड जिल्ह्यांत, कर्जतकडील खैराटच्या एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं मुलांना ‘एक्सओ’ लॅपटॉप मिळाले. मेरी लू जेप्सेन यांनीं त्याचा पडदा असा योजिला होता, कीं मागील दिवा मालविला तरी आंतील परावर्तक थर ऊन परत फेकी, आणि अक्षरें कृष्णधवल परंतु सुस्पष्ट दिसत. वीजहि वांचे.

बाजारांतील बहुतेक लॅपटॉप मात्र अद्यापि बंद खोलीसाठींच घडविले जातात. जेथें शाळा झाडाखालीं भरते व वीज बेभरंवशाची असते, तेथील मुलांचा विचार यंत्र घडवितांनाच व्हावयास हवा. मागाहून सावली शोधून ती उणीव पुरती भरून निघत नाहीं.