चॉकलेटचे गाव



चॉकलेटसाठी प्रवास म्हटला की लोक स्वित्झर्लंडचे नाव घेतात. मी सांगणार आहे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधील हर्शी गावाविषयी. तेथे रस्त्याचे नावच चॉकलेट ॲव्हेन्यू, आणि दिवेसुद्धा चॉकलेटच्या गोळीच्या आकाराचे! मुले हरखतीलच. आपण बायकांनी मात्र तिथली शाळा पाहावी. कारखानदार मिल्टन हर्शी व पत्नी कॅथरीन यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी १९०९ साली पोरक्या मुलग्यांसाठी, तेही फक्त गोऱ्या, ही शाळा काढली. १९१५ साली कॅथरीनबाई वारल्या. पुढे १९१८ साली मिल्टननी जवळजवळ सारी दौलत शाळेला दिली. राहणे, जेवण, शिक्षण आजही फुकट. शाळेची कल्पना पत्नीचीच, असे ते सांगत. कल्पना बाईची, आणि मुलींना दार उघडायला १९७६ साल उजाडावे लागले!