टाळू मोकळा ठेवणारी कवळी आणि इम्प्लांटची आवश्यकता

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दंतविभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दंतविभागाचे निवेदन एरवी चार ओळींत आटोपते. यंदा मात्र विश्वस्त मंडळाने आम्हांस एका प्रश्नाचा सविस्तर खुलासा करण्याची सूचना केली आहे. विभागासाठी येणाऱ्या देणग्यांतून इम्प्लांटची सोय सुरू करावी काय, आणि केल्यास ती प्रथम कोणासाठी, असा तो प्रश्न आहे. त्यास निमित्त झाले ते रुग्णांच्या एका वाढत्या मागणीचे: वरच्या जबड्याची, पण टाळू न झाकणारी कवळी.

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. उत्तन-डोंगरीच्या कोळीवाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहणारे वृद्ध येथे आहेत, तसेच मुंबईतील नोकरी संपवून मुला-नातवंडांसमवेत येथील सदनिकांत राहावयास आलेले ज्येष्ठही आहेत. यांपैकी पुष्कळांच्या तोंडात कवळी आहे, आणि पुष्कळांची कवळी डबीत आहे. डबीतली कवळी बाहेर का येत नाही, असे विचारले असता एकच उत्तर पुन्हा पुन्हा ऐकावयास मिळते: ‘टाळूवर ती फळी सहन होत नाही.’ मग कोणी सांगतो की टाळूशिवायही कवळी होते. दुसरा सांगतो की त्यासाठी इम्प्लांट घालावेच लागतात. घरात मुदत ठेव मोडावी काय, येथपर्यंत चर्चा जाते. म्हणून या विषयाचा उलगडा मुळापासून करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम टाळूवरची ती फळी तेथे का असते, ते पाहू. ओल्या ओट्यावर पालथी घातलेली ताटली सहजी उचलत नाही, हा स्वयंपाकघरातील नित्याचा अनुभव आहे. वरची कवळी याच तत्त्वावर टिकते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, आणि कवळीची कड सर्व बाजूंनी मऊ त्वचेत किंचित रुतलेली असल्यामुळे आत हवा शिरत नाही. मागची कड कठीण टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तेथे टेकविलेली असते. तेथे ती जागा सोडली की हवा शिरते आणि कवळी खाली येते. शिवाय वरच्या कवळीला आधारासाठी सुमारे २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, तर खालच्या कवळीला मध्ये जीभ असल्यामुळे जेमतेम १२. वरची कवळी घट्ट आणि खालची सैल, ही सार्वत्रिक तक्रार यातूनच उद्भवते. टाळूचा भाग कापून कवळीला घोड्याच्या नालेचा आकार दिला, तर तिची पकड जाते, चावण्याचा सारा भार हिरड्यांच्या अरुंद कडेवर येतो आणि मधला दुवा नाहीसा झाल्यामुळे ती वाकून तडकण्याचीही भीती असते.

तरीही रुग्णाची तक्रार खोटी नसते. आपली वर्णमालाच याची साक्ष देते. च-वर्गाला तालव्य आणि ट-वर्गाला मूर्धन्य म्हणतात, ते जीभ टाळूला कोठे लागते यावरून. मराठीत तर ‘चिंच’ मधला च निराळा आणि ‘चाक’ मधला निराळा. त्यात आपला लाडका ळ. टाळूवर जाड आवरण आले की जिभेची ही नेमकी ठिकाणे बदलतात, आणि आयुष्यभर कीर्तन-प्रवचन केलेल्या किंवा वर्गात शिकविलेल्या माणसाला आपलेच बोलणे परके वाटू लागते. सरावाने बहुतेकांचे उच्चार काही आठवड्यांत सुधारतात, परंतु सर्वांचे नव्हे. चवीविषयी सांगावयाचे तर, चव मुख्यत्वे जिभेला कळते. पण चहाचा ऊनपणा आणि घासाचा मऊ-खरखरीतपणा टाळूलाही कळतो, आणि तो गेला की जेवण बेचव भासते. काहींना मागच्या कडेच्या स्पर्शाने ओकारी येते.

तेव्हा मूळ प्रश्न असा की टाळू मोकळा ठेवावयाचा झाल्यास कवळीला दुसरा आधार कोणता? याचे उत्तर रुग्णाच्या तोंडात काय शिल्लक आहे यावर अवलंबून असते.

काही मजबूत दात शिल्लक असतील, तर इम्प्लांटवाचून भागते. धातूच्या सांगाड्याची अर्धी कवळी त्या दातांना पकडून टाळूचा बराच भाग मोकळा ठेवू शकते. दात झिजलेले असले तरी मुळे चांगली असतील, विशेषतः सुळ्यांची, तर रूट कॅनाल उपचार करून ती हिरडीच्या पातळीशी राखता येतात आणि त्यांवर कवळी बेतता येते. दातांवर एक आणि कवळीत दुसरी अशा एकात एक बसणाऱ्या टोप्या करण्याची पद्धतही जर्मनीत दीर्घकाळ रूढ आहे. म्हणूनच ‘उरलेले चार दात काढून टाका आणि एकदाची कवळी करा’ असा हट्ट धरणाऱ्या कुटुंबीयांस आमची विनंती आहे की, तपासणीपूर्वी तो निर्णय करू नये. चांगले मूळ हा निसर्गाने फुकट दिलेला इम्प्लांट आहे. त्याने हिरडीखालचे हाडही राखले जाते.

तोंडात एकही दात वा मूळ नसेल, तर मात्र आमचे उत्तर स्पष्ट आहे. टाळू मोकळी ठेवणारी आणि खात्रीने टिकणारी कवळी इम्प्लांटशिवाय होत नाही. चिकटविण्याची पेस्ट लावून ती काही काळ राहील, फोटोपुरती छानही दिसेल. पण त्या भरवशावर भाकरी चावता येणार नाही. इम्प्लांट तरी किती? वरच्या जबड्यात सामान्यतः किमान चार, आणि तेही एकमेकांपासून योग्य अंतरावर पसरलेले. कारण वरचे हाड खालच्यापेक्षा पोकळ असते आणि तेथे कवळी पेलणारे इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाणही अधिक आढळते. दोन इम्प्लांटवर वरचा टाळू कापून देण्याचे आश्वासन कोणी दिल्यास सावधगिरीने विचार करावा.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे प्राध्यापक ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे इम्प्लांट बसविले, तेव्हापासून हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. परंतु त्याच्या अटी बदललेल्या नाहीत. हाड पुरेसे हवे. वरच्या दाढा जाऊन वर्षे लोटली की वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळी खाली उतरते आणि मग हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. मधुमेह आटोक्यात हवा. तंबाखू आणि विडी-सिगारेट सुटलेली हवी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधे घेणाऱ्यांनी किंवा जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनी ती माहिती आधी सांगितलीच पाहिजे. हाड धरण्यास काही महिने जातात. पुढेही कवळीच्या आतील नायलॉनची अस्तरे झिजतात, बदलावी लागतात, आणि इम्प्लांटभोवतीची स्वच्छता दररोज करावी लागते. हात थरथरणाऱ्या किंवा विस्मरण जडलेल्या वृद्धासाठी ही स्वच्छता घरातील दुसऱ्या कोणास करावी लागेल, याचा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवा.

आता ज्यांना इम्प्लांट परवडत नाहीत किंवा सोसणार नाहीत, त्यांनी काय करावे? आमचा अनुभव असा की टाळूविषयीच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी वास्तविक कवळीच्या बेतणीविषयीच्या असतात. मागची कड जरुरीपेक्षा लांब वा जाड असते, किंवा कवळी सैल होऊन हलत असते, आणि त्या हलण्यानेच ओकारी येते. कड तासून, आतून नवे अस्तर भरून किंवा नव्याने माप घेऊन हे दोष दूर करता येतात. त्याने न भागल्यास टाळूचा भाग प्लास्टिकऐवजी कोबाल्ट-क्रोमियम धातूचा करता येतो. प्लास्टिक सुमारे दोन मिलिमीटर जाड ठेवावे लागते, तर धातू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. शिवाय धातूतून चहाचा ऊनपणा टाळूला जाणवतो. ज्यांना ओकारीचा त्रास फारच आहे, त्यांना दातांवाचूनची नुसती पातळ पट्टी दिवसातून थोडा थोडा वेळ वापरावयास देऊन सवय लावता येते.

येथे विश्वस्त मंडळाच्या प्रश्नाकडे वळतो. देणगीचा निधी मर्यादित आहे. एका रुग्णाच्या वरच्या जबड्यात चार इम्प्लांट बसविण्याऐवजी तेवढ्याच इम्प्लांटमध्ये दोन रुग्णांच्या खालच्या कवळ्या स्थिर करता येतात. ज्याची वरची कवळी टाळूसह नीट टिकते, त्याला टाळू मोकळा केल्याने मिळणारे समाधान खरे असले, तरी ज्याची खालची कवळी प्रत्येक घासाला उचलते त्याला दोन इम्प्लांटनी मिळणारा दिलासा कितीतरी मोठा असतो. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञ-परिषदेने सर्व दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरील कवळीस प्रथम पसंती दिली, तीही याच अनुभवाच्या आधारे. वरच्या जबड्यासाठी तशी सरसकट शिफारस नाही.

म्हणून आमची नम्र शिफारस पुढीलप्रमाणे आहे. निधीचा पहिला वाटा साध्या पण काळजीपूर्वक केलेल्या कवळ्यांसाठी आणि जुन्या कवळ्यांच्या दुरुस्तीसाठी असावा. दुसरा वाटा उरलेली मुळे वाचविण्यासाठी, तिसरा खालच्या जबड्यातील दोन इम्प्लांटसाठी. वरच्या जबड्यातील इम्प्लांटचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही ज्यांना सर्व उपाय करूनही टाळूवर काहीच सहन होत नाही अशा निवडक रुग्णांसाठी व्हावा. ‘टाळूविना कवळी’ ही योजना फलकावर आकर्षक दिसेल, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांच्या नावाने दान आले आहे त्यांच्या ताटाकडे पाहून आम्ही हे सांगत आहोत.

याच ठिकाणी आणखी एका रुग्णवर्गाचे स्मरण ठेवणे उचित होईल. तोंडाच्या कर्करोगाने, किंवा २०२१ साली कोविडपाठोपाठ आलेल्या काळ्या बुरशीच्या आजाराने, ज्यांचा टाळूच शस्त्रक्रियेत गेला, त्यांना घोटभर पाणी नाकात न जाऊ देणारी ती फळी हाच टाळू असतो. एकाला जी अडचण वाटते ती दुसऱ्याला संजीवनी ठरते. अशा रुग्णांची गरज आमच्या यादीत नेहमी अग्रभागी राहील.

कुटुंबीयांस शेवटी इतकेच सांगावयाचे आहे. इम्प्लांटचा सल्ला मिळाल्यास चार गोष्टी लेखी विचाराव्या: इम्प्लांट किती, हाड भरावे लागेल काय, सांगितलेल्या रकमेत वरची कवळी धरली आहे काय, आणि पुढील देखभालीस दरवर्षी काय लागेल. शंका असल्यास दुसरे मत घ्यावे. भाईंदरहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरले की १९३३ पासून कार्यरत असलेले नायर रुग्णालय दंत महाविद्यालय नजीकच आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कृत्रिम दंतपंक्तींचा समावेश आहे, याचीही चौकशी अवश्य करावी. आणि घरातील डबीत पडून असलेली जुनी कवळी टाकून देण्यापूर्वी ती घेऊन एकदा आमच्या विभागात यावे. अनेकदा तिला नवा जबडा नको असतो. थोडी कड तासावयाची आणि थोडे अस्तर भरावयाचे असते.

देणगीदारांच्या औदार्यावर आणि रुग्णांच्या विश्वासावर हा विभाग उभा आहे. तो विश्वास जपण्याची ग्वाही देऊन आम्ही आपली रजा घेतो.