परदेशी कायद्याची उच्च पदवी

कायद्याच्या उच्च शिक्षणासाठी कोणी परदेशी निघाला की, शेजारीपाजारी आजही विचारतात, "म्हणजे बॅरिस्टर होऊन येणार ना?" प्रश्न मायेचा असतो, परंतु त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. बॅरिस्टरी ही वकिलीची सनद असून ती इंग्लंडात 'इन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वकिलांच्या संस्था देतात. एलएल.एम. किंवा ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही विद्यापीठाची पदवी आहे. एक हाती आली म्हणजे दुसरी पदरात पडतेच असे नाही.

विद्या, पदवी आणि सनद यांतील अंतर किती दीर्घ असू शकते, हे कॉर्नेलिया सोराबजी यांच्या चरित्रावरून ध्यानात येते. त्यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिक येथे झाला व शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. परीक्षेत त्यांनी उत्तम यश मिळविले. पण विलायतेस जाण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती, केवळ स्त्री म्हणून, त्यांना नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमविला. त्यास हातभार लावणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये बी.सी.एल.च्या परीक्षेस बसलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु पदवी मिळाली नाही. कारण स्त्रियांना पदव्या देण्यास ऑक्सफर्डने १९२० मध्ये प्रारंभ केला. सोराबजींच्या हाती ती १९२२ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, आली. आपल्या देशातही न्यायालयांची दारे स्त्रियांना निर्वेधपणे खुली झाली ती १९२३ च्या कायद्याने. दरम्यान त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या रक्षणार्थ त्यांनी वर्षानुवर्षे आपली विद्या खर्ची घातली.

आजच्या विद्यार्थ्यापुढे तो अन्याय नाही. परंतु पदवी आणि सनद यांतील भेद कायम आहे. आपल्याकडे वकिलीचा अधिकार १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार मिळतो आणि त्याचा पाया एलएल.बी. हा असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याची सनद वेगळी. न्यूयॉर्कसारखे राज्य काही अटींवर परदेशी पदवीधराला एलएल.एम.नंतर सनदेच्या परीक्षेस बसू देते. सर्वच राज्ये तशी उदार नाहीत.

मग त्या एका वर्षात शिकावयाचे काय? एक लहानसे उदाहरण देतो. करारासाठी प्रतिफल लागते, हे तत्त्व आपण इंग्रजांकडूनच घेतले. तथापि आपल्या १८७२ च्या करार कायद्यात ते वचन घेणाऱ्याने अथवा 'अन्य कोणीही' दिले तरी चालते. इंग्लंडच्या परंपरेत मात्र ते वचन घेणाऱ्याकडूनच यावे लागे. इतके दिवस जो नियम आपण निसर्गनियमासारखा पाठ केला, तो एका देशाने विचारपूर्वक केलेली निवड आहे, हे परक्या वर्गात बसल्यावर प्रथम उमगते. अमेरिकेत तर, हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी १८७० मध्ये सुरू केलेल्या प्रथेप्रमाणे, प्राध्यापक नियम सांगत नाहीत. ते निवाडा वाचून यावयास सांगतात आणि प्रश्नामागून प्रश्न विचारतात. टिपणे घोकून उत्तीर्ण झालेल्या आपल्या विद्यार्थ्याची पहिले काही आठवडे तारांबळ उडते, ती येथेच.

हे सारे मोलाचे आहे. परंतु त्याचे मोल घरातल्यांना मोजावे लागते. फी परकी चलनात, कर्जाचा हप्ता रुपयांत, आणि तारण बहुधा वडिलांचे घर. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टींचा उलगडा करून घ्यावा. आपणांस वकिली करावयाची आहे, अध्यापन करावयाचे आहे, की संशोधन? ती कोणत्या देशात? आणि तेथे ही पदवी मान्य आहे काय? याचे उत्तर त्या देशाच्या सनद देणाऱ्या संस्थेकडून लेखी मिळवावे. प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थाच्या आश्वासनावर विसंबू नये. नोकरी तिकडेच लागेल, हे गृहीत धरून तर कर्जाचा हिशोब कधीच मांडू नये.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर अवश्य जावे. न्याय एकाहून अधिक वाटांनी शोधता येतो, ही जाण घेऊन परतलेला वकील आपल्या अशिलाच्या, आणि म्हणून समाजाच्याही, अधिक उपयोगी पडतो.