पाडाचा आंबा

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लिखित गोषवारा. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



'मुलं, खेळ आणि शिक्षण' या विषयावर मला बोलायला सांगितलंय. मी काही क्रीडातज्ज्ञ नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पेशाने आयटी कन्सल्टंट, आणि रविवारी जिथे जिम मिळेल तिथे बास्केटबॉल खेळून सोमवारी गुडघ्याला बाम चोळणारा गृहस्थ! पण या मार्चमध्ये एक प्रसंग घडला, तोच सांगतो. त्या घरची परवानगी घेतली आहे, नावं मात्र सांगणार नाही.

इथल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन आला. "अरे, तू जरा समजाव त्याला. कॉलेज सोडतो म्हणतोय!" मुलगा एकोणीस वर्षांचा, इथल्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जाणारा. उंची सहा फूट दोन इंच, उडी जबरदस्त. पण डाव्या हाताने ड्रिबल कर म्हटलं की चेंडू एकीकडे आणि हा दुसरीकडे. खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबने 'सरावाला ये, जमलं तर करार करू' एवढंच म्हटलं होतं. सराव रोज सकाळी, म्हणजे कॉलेजला रामराम.

खरं सांगतो, मी गेलो तो वडिलांचा वकील म्हणूनच. मनात भाषण तयार होतं. जपानमध्ये कंपन्या नव्या पदवीधरांना एकगठ्ठा एप्रिलमध्ये घेतात. ती 'शिन्सोत्सु'ची गाडी चुकली की पुढची पकडणं कठीण, वगैरे वगैरे. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसलो. मी तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, "काका, कावामुरानेही कॉलेज सोडलंच ना?"

झाली पंचाईत! कारण ते खरं आहे. युकी कावामुरा, उंची जेमतेम 172 सेंटिमीटर. तोकाई विद्यापीठ दोन वर्षांनी, मार्च 2022 मध्ये सोडून तो योकोहामाच्या बी-कोर्सेअर्स संघात व्यावसायिक खेळाडू झाला. पुढच्याच 2022-23 च्या हंगामात बी-लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. 27 ऑगस्ट 2023 ला ओकिनावात वर्ल्ड कपमध्ये जपानने फिनलंडला 98-88 असं हरवलं, त्यात त्याचे 25 गुण होते. 2024-25 मध्ये तो मेम्फिसकडून एनबीएतही खेळला. आता अशा मुलाने पदवी घ्यायला हवी होती असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मी म्हटलं, "बाळा, त्याने कॉलेज कधी सोडलं ते पाहिलंस, त्याआधी काय केलं ते पाहिलंस का?" बी-लीगमध्ये विद्यार्थ्यांसाठी 'विशेष नियुक्त खेळाडू' अशी सोय आहे. शिक्षण चालू ठेवून हंगामातला काही काळ व्यावसायिक संघात खेळायचं. कावामुरा शाळेत असतानाच, जानेवारी 2020 मध्ये, असा एका संघाकडून उतरला. कॉलेजात गेल्यावर पुढचे दोन हंगाम योकोहामाकडून खेळला. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला जाण्याआधी त्याचं तीन हंगाम टेस्टिंग झालं होतं. त्याने अंधारात उडी मारली नाही, पायाखालची वाट होती ती.

मग मी रुई हाचिमुराची गोष्ट काढली. तोयामाचा मुलगा, सेंदाईच्या मेइसेई शाळेकडून खेळून 2016 मध्ये अमेरिकेत गोन्झागा विद्यापीठात गेला. इंग्रजी जेमतेम. पहिल्या वर्षी मॅचमागे सरासरी पाच मिनिटंसुद्धा खेळायला मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी चमकला, तेव्हा एनबीएत जाण्याची चर्चा सुरू झाली. तो थांबला. तिसऱ्या वर्षी सरासरी 19.7 गुण केले आणि 2019 च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. लक्षात घ्या, पदवीची चार वर्षं त्यानेही कॉलेजात काढली नाहीत! पण कॉलेज त्याला घडवत होतं, तोवर त्याने ते सोडलं नाही.

आणि आपला सतनाम सिंग? पंजाबातल्या खेड्यातला सात फूट दोन इंचांचा मुलगा. 2015 मध्ये कॉलेजात न खेळताच डॅलसने त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला असा पहिलाच खेळाडू. सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! पण एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. दोष त्याचा म्हणत नाही मी. पण निवड होणं आणि खेळायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. पाड लागल्यावर उतरवलेला आंबा अढीत पिकतो. त्याआधीच काढलेला नुसता सुरकुततो. दोष अढीचा नसतो आणि आंब्याचाही नसतो.

रेस्टॉरंटच्या कागदी नॅपकिनवर मी तीन प्रश्न लिहिले. एक, तुला खेळायला आणि शिकायला जास्त कुठे मिळेल? दोन, कॉलेज न सोडता स्वतःला पारखून घेता येईल का? तीन, परतीची वाट आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर आपण इथल्या परदेशी आई-वडिलांनी थांबायला हवं. मुलाचा पासपोर्ट भारतीय. बी-लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, आणि त्या बहुधा अमेरिकेहून आलेल्या धिप्पाड गड्यांना जातात. आशियाई खेळाडूंसाठी वेगळी जागा आहे, पण ती ठरावीक देशांपुरती. त्यात हा स्टुडंट व्हिसावर. कॉलेज सोडलं की इथे राहण्याचं कारणच संपलं. व्यावसायिक खेळाडूचा व्हिसा वेगळा असतो, त्यासाठी आधी करार हातात लागतो. 'जमलं तर बघू' यावर तो मिळत नाही. हे क्लबला विचारलंस का, म्हटलं. त्याने मान हलवली. नाही.

पण पहिल्या प्रश्नाने मलाच गप्प केलं. "काका, कॉलेजच्या संघात मी वर्षभर चेंडू गोळा केले. एकूण अकरा मिनिटं खेळलो. तिथे मी कसा सुधारणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेज सोडू नकोस म्हणणं सोपं असतं, पण कॉलेजात त्याला काय मिळतंय हे आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

जाता जाता तो म्हणाला, "बाबांनी माझी एकही मॅच पाहिलेली नाही." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं.

ते मी त्याच्या वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. बराच वेळ फोनवर शांतता होती.

पुढे काय झालं? क्लबला व्हिसाचं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की कराराची खात्री देता येत नाही. मुलाने कॉलेज चालू ठेवलं. पण वडिलांनीही एक केलं. संध्याकाळचा एक जुना प्रशिक्षक शोधून त्याची फी भरली. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बसायचं आणि तेच तीन प्रश्न विचारायचे, असं ठरलंय. तेव्हा उत्तर 'सोड' असं आलं तर वडील अडवणार नाहीत. हे त्यांनी माझ्यासमोर कबूल केलंय, आणि आता तुम्ही सगळे साक्षीदार आहात!

आपल्याकडे कोणी म्हणेल, सचिन सोळाव्या वर्षी कसोटी खेळला, त्याचं कुठे अडलं? नाही अडलं. पण सोळाव्या वर्षापर्यंत तो मुंबईसाठी रणजी खेळून शतक ठोकून बसला होता. पाड लागलेला दिसत होता.

जूनमध्ये वडील प्रथमच मॅचला आले. मुलगा सात मिनिटं खेळला, संघ हरला. मला वाटलं, आता बाप-लेक काय बोलतात कोण जाणे. वडील एवढंच म्हणाले, "अरे, तो तुझा डावा हात कधी सुधारणार?"

पोरगा इतका हसला, की मला वाटलं मॅच हाच जिंकला!