राजाचं मढं कुणी उचललं?



मला सिनेमावर बोलायला सांगितलंय. मी समीक्षक-बिमीक्षक नाही. तिकीट काढतो, बसतो, बघतो, बाहेर आल्यावर टपरीवर कटिंग घेत शिव्या घालतो. कधी शिव्याही सुचत नाहीत, तेव्हा गप्प घरी जातो. आज त्या टपरीवरच्याच शिव्या जरा नीट मांडणार आहे. कागदावर लिहून आणलंय, पण मधेच कागद सुटला तर सांभाळून घ्या.

सुरुवात गावापासून करू. सिनेमा आपल्या नाशिक जिल्ह्यात जन्मला, असं अभिमानानं सांगतात. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशिकात वारले. त्यांचं स्मारक कुठंय? त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी. लेणी बुद्धाची, भिक्खूंची, सातवाहनांच्या शिलालेखांची. गौतमी बलश्रीचा लेख आजही भिंतीवर आहे. पण गाव म्हणतं पांडवलेणी. पांडव तिथं कधी आले नि कधी गेले, कुणी विचारत नाही. म्हणजे सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावात ऐतिहासिक चित्रपट चालू आहे बघा! फक्त त्याला पडदा नव्हता, नावाची पाटी होती.

फाळक्यांचा पहिला चित्रपट १९१३चा, 'राजा हरिश्चंद्र'. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवलं, हे सगळे सांगतात आणि हसतात. मला त्यातल्या दुसऱ्याच माणसाचं पडलंय. हरिश्चंद्राची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलीय. राजा सत्यासाठी राज्य देतो, बायको विकतो, पोरगं विकतो आणि शेवटी स्वतः डोंबाच्या घरी चाकरीला राहतो. मसणात मढी जाळतो. इथं ऐकणारे हुंदके देतात. का? तर राजावर डोंबाचं काम करायची पाळी आली. आता मला सांगा, त्या डोंबाचं काय? तो तर जन्मल्यापासून तेच करतोय! त्याचा बाप तेच करत मेला. त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यात टिपूस नाही. राजाची जी परमावधीची शोकांतिका, ती आपल्या माणसाची रोजची हजेरी. शेवटी देव येतो, राजाला राज्य परत देतो. डोंब मसणातच राहतो. या देशातल्या पहिल्या सिनेमासाठी हीच गोष्ट निवडली गेली.

दुसरं नाव वसंत कानेटकरांचं. तेही नाशिकचेच, इथंच कॉलेजात शिकवत. 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२चं, 'इथे ओशाळला मृत्यू' १९६८चं. नाटकं बांधलेली घट्ट आहेत, ते मी नाकारत नाही. शिवाजीराजे आणि संभाजीराजे यांच्यातलं बाप-लेकाचं दुखणं त्यांनी घरातल्या माणसांसारखं मांडलं, ही त्या माणसाची ताकद. पण त्या गडावर पाणी कोण भरत होतं, वेशीवर रात्रभर जागं कोण होतं, ते रंगमंचावर येत नाही. आणि बाबूराव बागूलही याच नाशिकचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३चं. म्हणजे एका वर्षाचं अंतर. एकाच गावचा एकजण रायगड जागा करतोय आणि दुसरा झोपडपट्टी. कुणाच्या पुस्तकावर किती प्रयोग झाले, किती सिनेमे निघाले, मोजा.

आता मुद्द्यावर येतो. 'छावा'. १४ फेब्रुवारी २०२५ला लागला. लक्ष्मण उतेकरांचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून. मी पहिल्याच आठवड्यात गेलो, बरोबर धाकटा भाऊ. थिएटर गच्च. पडद्यावर राजे यायच्या आधीच घोषणा. विकी कौशलनं काम जीव तोडून केलंय, खोटं कशाला बोलू. शेवटचा अर्धा तास यातनांचा. साखळदंड, डोळे, जीभ. बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या. माझा भाऊ रडला. माझ्याही घशात काहीतरी अडकलं होतं. राजा मरताना बघून कुणाला वाईट वाटणार नाही?

पण मी आणखी कशाची तरी वाट बघत होतो. ११ मार्च १६८९ला राजांना मारलं. देहाचे तुकडे केले, ते नदीकाठी टाकले. औरंगजेबाच्या धास्तीनं हात लावायला कुणी पुढं येईना. तेव्हा वढू बुद्रुकच्या गोविंद गोपाळ महारानं ते गोळा केले, शिवले आणि अग्नी दिला, असं आपल्या वाडवडिलांपासून सांगत आलेत. वढूला राजांच्या समाधीशेजारी गोविंदाची समाधी आहे. मी डोळे फाडून बघत होतो, की आता येईल, आता येईल. सिनेमा संपला. दिवे लागले. गोविंद आला नाही.

कुणी म्हणेल, ते इतिहासात पक्कं नाही. शिवल्यांनी अंत्यविधी केला असंही गावात सांगतात. बरं. कागदपत्रांचा वाद ज्यांना घालायचाय त्यांनी जरूर घालावा, मला त्यात तज्ज्ञ म्हणून उभं राहायचं नाही. पण सिनेमा कधीपासून कागद बघून चालायला लागला? तो कादंबरीवरून केलाय. त्यात काय घ्यायचं, काय टाकायचं, हे टेबलावर बसून माणसांनी ठरवलंय. राजे लेझीम खेळताना दाखवले म्हणून ओरड झाली, तो तुकडा कापला. गणोजी-कान्होजींना फितूर दाखवलं म्हणून शिर्क्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, दिग्दर्शकानं त्यांची माफी मागितली. बघा, त्यांची हरकत ऐकू गेली! फितुरी कुणाच्या माथी मारायची नाही याची काळजी घेतली गेली. निष्ठा कुणाच्या नावावर मांडायची, हा प्रश्न मात्र त्या टेबलावर कुणाला पडला नाही.

आणि हा जुन्या गोष्टीचा नुसता रुसवा नाही दोस्तांनो. २०१७च्या डिसेंबरअखेर वढूत गोविंदाच्या फलकावरूनच तेढ झाली होती. चार दिवसांत, १ जानेवारी २०१८ला, भीमा कोरेगावला विजयस्तंभाकडं जाणाऱ्या आपल्या माणसांवर दगड पडले. म्हणजे गोविंदाच्या नावाची एक पाटी गावात सहन होत नाही. ज्या सिनेमानं शेकडो कोटी कमावले, त्यात दोन मिनिटं तो दिसला असता तर? एक माणूस, हातात सुई-दोरा, रात्रीची वेळ, नदीचा काठ. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या मांडीवर राजाचं शीर. अरे, याच्याहून मोठा सीन कुठला लेखक लिहिणार आहे? सोन्यासारखा सीन फेकून दिला. धंद्याच्या दृष्टीनंही मूर्खपणा केला.

त्याऐवजी काय झालं? लोक थिएटरातून राग घेऊन बाहेर पडले. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. मुख्यमंत्र्यांनीच विधिमंडळात सांगितलं, की औरंगजेबाविरुद्धचा राग या चित्रपटामुळं पुन्हा वर आलाय. १७०७ साली मेलेल्या बादशहावरचा राग आजच्या गल्लीत कुणाच्या दारावर निघतो, ते मी वेगळं सांगायला नको.

लगेच दोन महिन्यांत दुसरा सिनेमा. 'फुले'. अनंत महादेवनांचा. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ला लागायचा होता. ट्रेलर बघून ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, तारीख २५ एप्रिलवर गेली. त्याआधीच सेन्सॉरनं कात्री चालवली होती. काय बदला म्हणाले? 'महार' काढा. 'मांग' काढा. 'पेशवाई' काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, बऱ्याच वर्षांची म्हणा. पाठीला झाडू बांधण्याचा संवाद बदला.

मला हसू आलं आणि मग हसू गेलं. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. मांगाची पोर, चौदा वर्षांची. तिनं निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या निबंधाच्या नावातच 'मांग महार' आहे! १८५५ साली छापखान्यात जो शब्द खिळ्यांनी जुळवला, तो २०२५ साली पडद्यावर बोलायला मनाई. मुक्तानं आज निबंध सेन्सॉरकडं नेला असता तर तिला नुसतं 'दुःखाविषयी' एवढंच नाव ठेवून परत दिला असता. कुणाचं दुःख? ते विचारायचं नाही. १९५४ साली अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला, त्यात गाडगेबाबा स्वतः दिसतात, त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. तिथून आपण कुठं आलो?

सिनेमा म्हणून 'फुले' कसाय? मध्यम. जोतीराव सारखे भाषण देतात, सावित्रीबाई सारख्या सोसतात. त्या दोघांत भांडण कधी झालंच नसेल का? मीठ जास्त झालं म्हणून जोतीराव कधी कुरकुरले नसतील? इथं मला आपल्यालाही दोन शब्द सुनवायचेत. आपल्या महापुरुषांवर जे सिनेमे नि मालिका निघतात, त्यातले निम्मे आपल्याच भीतीनं मेलेले असतात. बाबासाहेब हसताना दाखवले, चिडताना दाखवले, थकून खुर्चीत डुलकी घेताना दाखवले, की आपलीच पोरं निवेदन घेऊन निघतील. जब्बार पटेलांचा सिनेमा त्यातल्या त्यात बरा, कारण मम्मुटीचे बाबासाहेब एकटे बसलेले दिसतात. आपण पुतळा मागतो आणि मग म्हणतो सिनेमा हलत नाही.

हलणारा सिनेमा बघायचा तर 'फँड्री' बघा. दोन ओळीत सांगून संपणारा नाही तो, पण एकच जागा सांगतो. डुकराच्या मागं धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं सगळं घर जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर मात्र चालत राहतं. थिएटरात लोक हसले. हसता हसता माझ्या शेजारचा थांबला. मग पुढं मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, मागं शाळेच्या भिंतीवर आपली सगळी माणसं रंगवलेली. कुणी भाषण देत नाही. 'कोर्ट' बघा. त्यातला शाहीर नारायण कांबळे म्हणजे आपले वीरा साथीदार, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ साली करोनात गेले. ते अभिनय करतच नव्हते, नुसते बसले होते, पण त्या बसण्यात चाळीस वर्षांची चळवळ होती.

शेवटचं बोलतो आणि बसतो. काळाराम मंदिर इथून किती लांब आहे? २ मार्च १९३० पासून १९३५ पर्यंत चाललेला सत्याग्रह. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया दारांसमोर बसल्या. रामनवमीला ठरलं, की रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा. आणि आपल्या माणसांचा हात दोराला लागायच्या आत रथ पळवून नेला. दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड तुरुंगात गेले. पाच वर्षं! आणि शेवट येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ला, की नकोच तुमचा देव. यात सिनेमाला काय कमी आहे? गर्दी आहे, रथ आहे, बंद दार आहे, फसवणूक आहे, आणि शेवटी नायक दार उघडायची वाट न बघता पाठ फिरवून निघून जातो. फाळक्यांच्या गावात हा सिनेमा अजून मी बघितलेला नाही.

त्या पंचवीस बायांमधल्या एकीचं तरी नाव तुमच्या कुणाच्या घरी आजीला, पणजीला माहीत असेल. पंचवटीत, देवळालीत, नाशिकरोडला, सिन्नरकडं. आज घरी जाऊन विचारा. मोबाईल समोर ठेवा आणि म्हातारीला बोलू द्या, मधे तोंड घालू नका. जे मिळेल ते पुढच्या रविवारी घेऊन या. सात वाजता विहारात पांढरी चादर लावून 'फँड्री' दाखवणार आहोत. प्रोजेक्टर मिळालाय, स्पीकर अजून मिळालेला नाही. कुणाच्या लग्नाचा असेल तर सांगा.