आधी क, मग इ



‘किती’ हा शब्द डोळ्यांसमोर आणा. त्यातली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी उभी, पण उच्चारताना येते मागून. ब्रेलमध्ये ही भानगडच नाही. तिथे आधी क, मग इ. कानावर पडतं त्याच क्रमानं. सहा टिंबांची ही लिपी आम्हा रेडिओवाल्यांना जवळची वाटते ती म्हणूनच.

लिहिण्याची तऱ्हा मात्र न्यारी. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवायचा आणि टोकदार लेखणीनं टोचत जायचं, तेही उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. कागद पालटला की टिंबं वर येतात आणि बोटं ती डावीकडून वाचतात. सहा वर्षांच्या अंध मुलाला हे शिकवायचं तर त्याचा हात हातात घेऊन रोज बसावं लागतं. भरलेल्या वर्गातल्या बाईंची कितीही इच्छा असली, तरी त्यांना ब्रेल यायला हवं ना! विशेष शाळा लागते ती इथे.

मुंबईत 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची कमला मेहता अंध शाळा ती हीच. 2016च्या कायद्यानं 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. त्यातला ‘किंवा’ मला मोलाचा वाटतो. सगळ्यांनी एकत्र शिकावं, हे मान्यच. पण काहीच हाताशी न देता मुलाला बाकावर बसवलं, तर हजेरीपट तेवढा भरतो. ब्रेल आलं, पांढरी काठी सरावाची झाली, की त्यानं खुशाल शेजारच्या शाळेत जावं.

अर्थात, अशा शाळा गावोगावी नाहीत. मग वसतिगृह येतं, आणि त्या वयात घरातले आवाज तुटणं काही सोपं नसतं.

एका शाळेत मीही हौसेनं पाटीवर माझं नाव टोचलं. चौथीतल्या मुलीनं कागदावरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही डावीकडून सुरुवात केलीत.”